कीटकभक्षी वनस्पती : नोंदवहीपासून कुंडीपर्यंतचा प्रवास आणि कोकण

प्रस्तावना

कीटकभक्षी वनस्पती म्हटले की परदेशी व्हीनस फ्लायट्रॅपचे चित्र डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या वनस्पतींचा एक मोठा गट कोकणात पूर्वापार नांदत आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यांवरील ओलसर जागी दवबिंदू (ड्रॉसेरा) आणि सीतेची आसवे (युट्रिक्युलेरिया) उगवतात, फुलतात आणि पाण्याबरोबर दिसेनाशा होतात. या वनस्पतींची शास्त्रीय नोंद कशी झाली आणि त्या घरगुती कुंडीत कशा आल्या, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला असून पेण-रोहा पट्ट्यातील रामवाडीसारख्या गावी त्यांचे संवर्धन करू इच्छिणाऱ्यास त्या इतिहासातून काय घेता येईल, हेही पाहिले आहे.

मुंबई इलाख्यातील नोंदी

१७५३ साली लिनियसने ‘ड्रॉसेरा इंडिका’ हे नाव दिले. मराठीत तिला गवती दवबिंदू म्हणतात. मुंबई इलाख्यापुरते पाहिल्यास १८३९ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची सिद्ध केली; परंतु ती पूर्ण होण्यापूर्वीच त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पार पाडले. ‘युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स’ हे जांभळ्या आसवांचे नाव याच सूचीतले. पुढे निकोल डॅल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली प्रसिद्ध झाला. हे दोघेही वनखात्याशी संबंधित होते. गिब्सन हे पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक म्हणूनही ओळखले जातात. मात्र या नोंदी वर्गीकरणाच्या होत्या. वनस्पती किडा ‘खाते’ ही कल्पना अजून शास्त्रमान्य झाली नव्हती. व्हीनस फ्लायट्रॅपची पाने मिटतात हे लिनियसला ठाऊक होते, तरी किडा निपचित पडला की पान त्यास सोडून देते, असाच त्याचा समज होता.

हा समज डार्विनने मोडला. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दवबिंदूच्या पानांवर चिकटलेले असंख्य किडे पाहून त्याने प्रयोगांस आरंभ केला आणि १८७५ साली ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पुत्र फ्रान्सिस याने १८७८ साली दाखवून दिले की, भक्ष्य मिळालेली रोपे न मिळालेल्या रोपांपेक्षा अधिक बी धरतात. आसवांच्या बाबतीत मात्र डार्विनचा तर्क चुकला. भक्ष्य स्वतःच फुग्याचे दार ढकलून आत शिरते असे त्याला वाटले. प्रत्यक्षात फुगा पाण्यासह त्याला आत ओढतो, हे विसाव्या शतकात उलगडले. इतक्या बारकाईने पाहणारा निरीक्षकही फसावा, इतकी ती क्रिया वेगवान आहे.

भारतातील आसवांचा तपशीलवार अभ्यास बराच उशिरा झाला. एम. के. जनार्दनम् आणि ए. एन. हेन्री यांचा या गटावरील ग्रंथ १९९२ सालचा. २००० साली महाराष्ट्रातून नोंदलेल्या एका नव्या जातीस जनार्दनम् यांचेच नाव देण्यात आले.

रामवाडीतील कुंडी

या वनस्पती किडे का धरतात, याचे उत्तर मातीत आहे. सड्यावर मातीचा थर पातळ असतो, मुसळधार पाऊस क्षार धुऊन नेतो आणि नत्राची वाण पडते. ती किड्यांनी भरून निघते. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. गुलाबाला द्यावे तसे शेणखत घातले की मुळे जळतात. कुंडीत पीट किंवा स्फॅग्नम शेवाळ आणि धुतलेली गारेची वाळू घ्यावी. समुद्राची वाळू चालत नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा खारट असू शकतो, म्हणून तो अनेकदा धुवावा.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा. पेणच्या पश्चिमेस खारजमिनीचा पट्टा आहे. बोअरचे पाणी वर्षभर घातल्यास क्षार साचून रोप हळूहळू मरते. याच भूमीवर आकाश मात्र चार महिने हवे तसे पाणी ओतते. पागोळ्यांचे पाणी स्वच्छ पिंपात साठवून कुंडीखालच्या ताटलीत घालावे. ऊर्ध्वपातित पाणीही चालते. ऊन भरपूर हवे. दिवाणखान्यातील कपाटावर दवबिंदूच्या पानावरील चिकट थेंब नाहीसे होतात.

कोणती जात निवडावी, याविषयी बाजारातील प्रलोभन फसवे आहे. व्हीनस फ्लायट्रॅपला तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागते आणि कोकणातील हिवाळा ती देऊ शकत नाही. पाने मिटताना पाहण्याच्या हौसेने पोरे तिला वारंवार बोट लावतात, हे वेगळेच. प्रत्येक पान मोजक्याच वेळा मिटते, मग वाळते. उष्ण प्रदेशातील दवबिंदूच्या जाती आणि सखल भागातील घटपर्णी येथे अधिक टिकतात. मांसाचे तुकडे कोणालाही देऊ नयेत, ते कुजतात. उघड्यावर ठेवलेले रोप आपले भक्ष्य स्वतः मिळवते.

सड्यावरून रोप उपटून आणणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग होय. सीतेच्या आसवांची मुळे म्हणावी तशी मुळे नसतातच. उपटताच फुगे तुटतात आणि रोप घरी पोचेपर्यंत संपलेले असते. शिवाय बहुतेक जाती वर्षायू असल्याने फुलोऱ्यात उचललेले रोप म्हणजे पुढच्या वर्षीचे बीच होय. मेघालयातील घटपर्णी ‘नेपेन्थिस खासियाना’ अशाच गोळाबेरजेमुळे संकटात सापडली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारनियमनाच्या पहिल्या परिशिष्टात गेली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याला २०१४ साली फ्लायट्रॅपची चोरी गंभीर गुन्हा ठरवावी लागली. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटासह जागतिक वारशात समाविष्ट झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतांश सड्यांना असे कवच नाही, तेथे चिरेखाणी आणि बागायत पुढे सरकत आहेत. ऊतीसंवर्धनाने वाढवलेले रोप किंवा घरच्याच कुंडीत धरलेले बी एवढेच कुंडीसाठी घ्यावे. गवती दवबिंदूचे बी बारीक काळे असते. ते ओल्या पीटवर नुसते भुरभुरावे, मातीने झाकू नये.