मोत्यांच्या आधीच्या आमा

जपानच्या आमा म्हटलं की पांढऱ्या कपड्यांतल्या, मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. हे चित्र तसं अलीकडचं. १८९३ साली मिए प्रांतातल्या तोबाजवळ मिकिमोतो कोकिचीला कालवात अर्धगोल मोती पिकवण्यात यश आलं. तळाची कालवं वर आणायला आणि बीज घातलेली पुन्हा तळाशी नेऊन ठेवायला त्याला आमा लागल्या. पण त्यांच्या विद्येचं कूळ मोत्यात नाही, अवाबीत आहे. अवाबी हा खडकाला घट्ट धरून बसणारा, एकाच कवचाचा, गोगलगायीच्या नात्यातला जीव.

तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासात जपानी बेटांवरचे लोक पाण्यात बुडून मासे आणि अवाबी काढतात, अशी नोंद आहे. आठव्या शतकात नारा राजधानी असताना शिमा प्रांतातून अवाबी करापोटी जात असे. मालासोबतच्या लाकडी पट्ट्या नाराच्या राजवाड्याच्या उत्खननात सापडल्या. इ.स. १००० च्या सुमारास राजदरबारातल्या सेई शोनागोन हिने कमरेला दोर बांधून खाली जाणारी बाई आणि वर होडीत बसलेला पुरुष यांच्याविषयी लिहिलं. वर आलेल्या बाईची धाप पाहून तिचं मन कळवळतं आणि होडीतल्या पुरुषाची तिला चीड येते. मोत्याचा त्यात उल्लेखही नाही.

तोबाच्या कुझाकी गावात दंतकथा सांगतात, की राजकन्या यामातोहिमे इथे आली तेव्हा ओबेन नावाच्या आमेने तिला अवाबी दिला आणि तेव्हापासून इसेच्या महामंदिराला त्याचा नैवेद्य जाऊ लागला. दंतकथा बाजूला ठेवली तरी नैवेद्य खरा आहे. गावातली म्हातारी माणसं अवाबीचं मांस सुरीने गोल गोल सोलून त्याची लांब पट्टी काढतात, वाळवतात आणि इसेला पाठवतात. हीच वाळली पट्टी पुढे शुभकार्याच्या भेटीला जोडली जाऊ लागली. आज जपानी आहेराच्या पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात लाल-पांढऱ्या कागदाची घडी आणि मधे पिवळी पट्टी दिसते, ती त्या अवाबीची खूण. आता ती बहुतेक कागदाचीच असते, नाहीतर नुसती छापलेली.

हे काम बायकांकडेच का? बायकांच्या अंगात चरबी जास्त, म्हणून थंडी सोसते, हे उत्तर नेहमीचं. मला ते अपुरं वाटतं. पुरुषही बुड्या मारतात. पुरुष लांबच्या मासेमारीला जात आणि किनाऱ्याचे खडक बायकांच्या हाती राहत, याचाही वाटा मोठा असावा.

बुडी साधारण पन्नास सेकंदांची. एवढ्यात खाली जायचं, खडकाच्या कपारीत अवाबी हेरायचा आणि चपटी लोखंडी पहार एका झटक्यात त्याच्या खाली सारायची. पहिला वार चुकला तर तो असा आवळून बसतो की कवच फुटेल पण सुटणार नाही. वर आल्यावर आमा ओठ आवळून श्वास सोडते, त्याची शीळ लांबवर ऐकू येते. डोक्याच्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्याने भरलेला तारा असतो. एकाच रेषेत काढलेला तो तारा सुरू होतो तिथेच संपतो. गेलेली बाई परत यावी, एवढाच त्याचा अर्थ. शेजारची जाळी वाईट नजर अडवते.

१९६०च्या दशकात रबरी पोशाख आला आणि गार पाण्यातही जास्त वेळ काम करणं जमू लागलं. जास्त वेळ म्हणजे जास्त अवाबी, म्हणून काही गावांनी घरटी एकच पोशाख असा नियम केला. मिए प्रांतात पाठीवर हवेची टाकी चालत नाही आणि १०.६ सेंटिमीटरहून लहान अवाबी परत सोडावा लागतो. मला या सगळ्या इतिहासात हा संयम सर्वांत मोलाचा वाटतो. दम संपला की थांबावंच लागतं, आणि ती मर्यादा गावांनी आपणहून कायम ठेवली.

१९५६ मध्ये जपानभर १७,६११ आमा होत्या. २०१० मध्ये २,१७४ उरल्या. २०१७ मध्ये तोबा आणि शिमाच्या या विद्येला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा मिळाला. पण अलीकडे तिथलं पाणी तापतं आहे आणि अवाबीचं खाद्य असलेली समुद्री शेवाळाची रानं ओसाड पडत आहेत. टाकीत वाढवलेली अवाबीची पिल्लं समुद्रात सोडली जातात, मात्र रान नसलेल्या खडकावर त्यांना खायलाच काही मिळत नाही.