स्वभाव की ग्रंथी?

आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु एखादा शांत कामगार एकाएकी चिडखोर झाला, त्याचे हात कापू लागले, पोटभर जेवूनही तो खंगत चालला, की त्याच्या स्वभावावर नाही तर व्यसनावर बोट ठेवले जाते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. असाच आरोप पूर्वी अनेक रोग्यांवर आला. तो कसा मिटला, तेवढे आज सांगावयाचे आहे.

मानेच्या पुढच्या बाजूस थायरॉइड नावाची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. शरीराने आपले इंधन किती वेगाने जाळावे, हे तिच्या रसावर ठरते. हा रस फाजील झाला की छाती धडधडते, घाम सुटतो, झोप उडते, वजन उतरते. काहींचे डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात.

इंग्लंडातील बाथ गावच्या केलेब पॅरी यांनी असा रोगी १७८६ साली पाहिला; पण त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ साली छापली गेली. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी अशा काही स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या वीस वर्षांच्या एका स्त्रीची लक्षणे आधी हिस्टेरियाची समजली गेली होती. तिची नाडी मात्र १२० च्या खाली कधी येत नव्हती! १८४० साली जर्मनीतील बासेडो यांनी गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड या तिन्हींची सांगड घातली. तरीही मूळ दोष हृदयाचा की मज्जातंतूंचा, हा वाद चालूच राहिला. अखेर १८८६ साली म्यूबिउस यांनी ग्रंथीचे अतिकाम हेच कारण असल्याचे मांडले.

मग ग्रंथी कापूनच टाकावी काय? स्वित्झर्लंडचे शस्त्रवैद्य कोखर यांनी गलगंडाच्या काही रोग्यांची ग्रंथी समूळ काढली होती. पुढे ते रोगी सुजट आणि मंद झालेले त्यांना आढळले. १८८३ साली त्यांनी ही गोष्ट उघडपणे मांडली आणि साध्या गलगंडात समूळ छेदन सोडून दिले. म्हणजे ग्रंथी फाजील चालली तरी घात, मुळीच नसली तरी घात. १९०९ साली कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे बॉस्टनमध्ये १९४१ साली हर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी आयोडीन आणि १९४३ साली ॲस्टवुड यांनी ग्रंथीचा रस रोखणारे औषध वापरले. या दोन्ही वाटा आजही चालू आहेत.

प्रत्येक थरथरणारा हात या रोगाचा नसतो, हे खरे. परंतु आज रक्ताच्या साध्या तपासणीने हा रोग ओळखता येतो. म्हणून आमचे मालकांना, मुकादमांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एवढेच सांगणे आहे, की माणसाला ठपका देण्यापूर्वी त्याला डॉक्टरकडे पाठवा. त्या पगारी दिवसापायी कोणाचे दिवाळे निघणार नाही. उलट एखाद्याची नोकरी आणि संसार मात्र वाचेल.