आटलेली विहीर आणि पंधरावा हिस्सा

२०२२ साली आपल्या आयटीवाल्यांमध्ये 'मूनलायटिंग' या शब्दाने केवढा धुमाकूळ घातला होता, आठवतंय? दिवसा एका कंपनीचं काम, रात्री दुसऱ्या कुणाचं. सगळ्यांना इशाऱ्याचे मेल्स गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. त्या दिवसांत मी उगाचच या शब्दाच्या मागे लागलो आणि शोधता शोधता भलतीकडेच जाऊन पोचलो, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींपाशी. तिथे १८७० च्या दशकात 'मूनलायटर' म्हणजे रात्री चोरून तेलविहिरीत नायट्रोग्लिसरीनचा स्फोट करणारा माणूस! (आपला शब्द थेट तिथूनच आला असा दावा मी करणार नाही. रात्री गुपचूप करायच्या बऱ्याच उद्योगांना हे नाव होतं.)

गंमत म्हणजे हा स्फोट घडवायला विहिरीचा मालकच त्याला बोलवायचा. आपल्याच विहिरीत आपल्याच पैशांनी सुरुंग लावायचा, मग तो चोरून का? ही गोष्ट मला इतकी आवडली की आज तीच सांगायची आहे.

सुरुवात १८५९ पासून. टायटसव्हिल गावाजवळ ऑइल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एडविन ड्रेकने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जेमतेम ७० फुटांवर तेल काढलं. त्याची खरी अक्कलहुशारी एका साध्या युक्तीत होती. वरचा वाळू-मातीचा थर सारखा ढासळून भोक बुजायचं, म्हणून त्याने आधी लोखंडी नळ ठोकत ठोकत खडकापर्यंत नेला आणि मग त्या नळाच्या आतून ड्रिलिंग केलं. पुढे सगळ्या जगाने हेच केलं. ड्रेकने मात्र त्याचं पेटंट घेतलं नाही. तेलाच्या व्यवहारात तो बुडाला, १८७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याला वर्षाला १५०० डॉलर्सचं निवृत्तिवेतन मंजूर केलं आणि १८८० मध्ये तो गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा माणूस याच्या बरोब्बर उलट आहे.

ड्रेकच्या मागोमाग त्या दरीत विहिरींचं रान माजलं. आणि थोड्याच काळात एक नवीन दुखणं सुरू झालं. सुरुवातीला भसाभस तेल देणारी विहीर काही महिन्यांत रोडावायची. लोकांना वाटायचं, तेल संपलं. पण संपलेलं नसायचं. तेल काही तळ्यासारखं खाली साठलेलं नसतं, ते खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत असतं, ओल्या विटेत पाणी असतं तसं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलात मेण भरपूर. तेल विहिरीकडे येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, त्यातला वायू मोकळा होतो, ते थंड होतं आणि मेण नेमकं विहिरीच्या भिंतीलगतच्या छिद्रांत बसतं. म्हणजे मागे खडक तेलाने भरलेला आणि दारातच बूच!

आपल्याकडे पाण्याची विहीर आटली की काय करतात? गाळ काढतात, तळात सुरुंग लावतात, नाहीतर भिंतीतून आडवी बोअर मारतात. झरा मोकळा झाला तर झाला. तिथेही लोक वाफ सोडून बघत, बंदुकीची दारू टाकून बघत. जमलं तर जमलं, नाहीतर विहीरच ढासळायची.

आता आपला नायक (की खलनायक? ते तुम्ही ठरवा). कर्नल एडवर्ड रॉबर्ट्स. अमेरिकन यादवी युद्धात, डिसेंबर १८६२ च्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत त्याने तोफगोळे एका अरुंद कालव्यात पडून फुटताना पाहिले. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: स्फोट पाण्याखाली कोंडला की त्याचा जोर वर उडून वाया जात नाही, बाजूला जातो. सुरुंग लावणारा कुणीही हे सांगेल. भोकात दारू भरून वरून माती घट्ट ठासली नाही तर नुसता बार उडतो, दगड जागचा हलत नाही. रॉबर्ट्सने ठासण्याचं काम पाण्याकडे दिलं. लोखंडी नळकांड्यात दारू भरायची, ते तारेने हव्या त्या खोलीवर सोडायचं, वर विहिरीत पाण्याचा स्तंभ उभा ठेवायचा आणि तारेवरून एक वजन सोडून द्यायचं. वजन खाली जाऊन टोपीवर आपटलं की स्फोट. याला तो 'टॉर्पेडो' म्हणायचा.

२१ जानेवारी १८६५ रोजी ऑइल क्रीकवरच्या 'लेडीज वेल' नावाच्या विहिरीत पहिली चाचणी झाली. ती यशस्वी झाली आणि २५ एप्रिलला पहिलं पेटंट हातात आलं. तरी लोक विश्वास ठेवेनात. विहीर कायमची फुटेल ही भीती होतीच. मग डिसेंबर १८६६ मध्ये वुडिन नावाच्या, कधी थेंबभरही तेल न दिलेल्या विहिरीत टॉर्पेडो सोडला आणि तिला तेल लागलं. पुढच्या महिन्यात दुसरा सोडला तेव्हा उत्पादन दिवसाला ८० बॅरलवर गेलं. त्यानंतर मात्र रांग लागली. काही विहिरींचं उत्पादन आठवड्याभरात १२०० टक्क्यांनी वाढल्याच्या नोंदी आहेत. लवकरच बंदुकीच्या दारूची जागा नायट्रोग्लिसरीनने घेतली.

आता दर ऐका. एका टॉर्पेडोचे १०० ते २०० डॉलर्स, आणि शिवाय जेवढं उत्पादन वाढेल त्या वाढीतला एक पंधरांश हिस्सा!

मला विचाराल तर रॉबर्ट्सचा खरा शोध हा. दारू, नळकांडं, पाणी यातलं काहीच त्याचं स्वतःचं नव्हतं. पण 'तुझी विहीर तशीही मेलेली होती, आता जे जास्तीचं येतंय ते माझ्यामुळे, त्यात माझा वाटा' हे गणित फार धूर्त होतं. आणि विहीरवाल्याला नेमकं तेच झोंबायचं. जमीन माझी, भोक मी पाडलं, तेल माझ्या खडकात आधीपासून होतं. तू फक्त दार उघडलंस आणि आता रोजच्या बॅरलमध्ये भागीदार होतोस?

तर असे हे मूनलायटर्स तयार झाले. रॉबर्ट्सला शंभर-दोनशे डॉलर आणि हिस्सा देण्यापेक्षा रात्री एखादा माणूस गुपचूप येऊन कमी पैशात तेच काम करून जायचा. पत्र्याच्या डब्यांत नायट्रोग्लिसरीन, गाडीला घोडे, आणि खड्ड्यांचे रस्ते. नायट्रोग्लिसरीनला धक्का पुरतो. उजेडात, सावकाश, सरावाच्या हातांनी करायचं काम अंधारात आणि घाईत व्हायला लागलं. अपघात झाला की पुरायला फारसं काही उरायचं नाही. रॉबर्ट्सची माणसंही मरत होतीच, पण पेटंटने या कामाला अंधारात ढकललं हेही तितकंच खरं.

रॉबर्ट्सने यावर पिंकर्टनचे गुप्तहेर लावले. रात्री झुडपांत दबा धरून कोण कुणाच्या विहिरीत काय सोडतंय ते टिपायचं आणि सकाळी नोटीस. खटल्यांवर खटले. त्याने या लढाईत अडीच लाख डॉलर्सहून जास्त खर्च केले म्हणतात, तेही त्या काळातले! विरुद्ध बाजूचा मुद्दा आपल्याला फारच ओळखीचा आहे: 'यात नवीन काय? विहिरीत दारू आधीही उडवत होते.' सॉफ्टवेअर पेटंटवरच्या कुठल्याही भांडणात हेच वाक्य ऐकू येतं. पण १८७१ मध्ये कोर्टाने रॉबर्ट्सच्या बाजूने कौल दिला. स्फोट आधी होत असतील, पण तेलाच्या खडकाच्या नेमक्या खोलीवर, पाण्याने कोंडून, उत्पादन वाढवण्यासाठी केलेला स्फोट ही त्याचीच पद्धत. माझं मत अजून धड ठरलेलं नाही. ड्रेकचं काय झालं ते बघितलं की रॉबर्ट्सचा राग येत नाही, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गाड्या आठवल्या की येतो. असो. १८८१ मध्ये तो टायटसव्हिललाच वारला, चांगला श्रीमंत होऊन.

पुढची पन्नास-साठ वर्षं भराभर सांगतो. खडक फोडण्याऐवजी विरघळवता येईल का? ओहायोत तेलाचा खडक चुनखडीचा होता. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की ती फसफसून विरघळते, शाळेतला प्रयोग. हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाने १८९६ मध्ये याचं पेटंट घेतलं. पण आम्ल खडकाबरोबर लोखंडी नळही खायचं, त्यामुळे कल्पना तीसेक वर्षं पडून राहिली. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये डाऊ केमिकलच्या लोकांनी आम्लात आर्सेनिक मिसळलं. त्याने लोखंड बचावलं, खडक विरघळला आणि मेल्यात जमा झालेली विहीर परत तेल द्यायला लागली. (आर्सेनिक जमिनीखाली ओतताना कुणाची झोप उडाली नाही. तो काळच तसा होता.)

त्यानंतर १९४७. कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड कंपनीने स्फोटाशिवाय, नुसत्या द्रवाच्या दाबाने खडकाला भेग पाडून बघितली. द्रव कुठला? नेपामने घट्ट केलेलं पेट्रोल! एवढं करून विहिरीच्या उत्पादनात फारसा फरक पडलाच नाही. पहिला डेमो फसला म्हणून प्रोजेक्ट गुंडाळला नाही हे त्यांचं मोठेपण. १९४९ मध्ये हॅलिबर्टनने परवाना घेऊन हे काम व्यवसाय म्हणून सुरू केलं. भेग परत मिटू नये म्हणून द्रवाबरोबर वाळू सोडायची आणि वाळूच्या कणांनी ती उघडी धरून ठेवायची. आज ज्याला फ्रॅकिंग म्हणतात ते हेच.

आता आपल्या दाराशी. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवरचं मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला मुख्य खडक चुनखडीचा, म्हणजे फ्राशचं आम्ल तिथेही कामाचं. पण क्षेत्र म्हातारं झालं. दाब उतरला, तेलाबरोबर पाणी यायला लागलं. २००० नंतर ओएनजीसीने उत्तर आणि दक्षिण भागाच्या पुनर्विकासाचे एकामागून एक टप्पे हाती घेतले. त्यातली एक युक्ती म्हणजे जुन्या विहिरीतूनच मध्येच वळण घेऊन, न पिळलेल्या थरात आडवी वाट काढणं. साइडट्रॅक म्हणतात तिला. आपली आडवी बोअरच, फक्त समुद्राच्या तळाखाली.

आणि जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक मदतीसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड केली. करार दहा वर्षांचा, मालकी ओएनजीसीचीच. निविदेत मोबदल्याची पद्धत काय ठेवली होती? पहिली दोन वर्षं ठराविक फी, आणि पुढे वाढीव उत्पादनातून खर्च वजा जाता जे उत्पन्न होईल त्यात टक्केवारी. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. कर्नलसाहेबांचा पंधरावा हिस्साच की हा!

फरक एवढाच की इथे 'वाढ' मोजण्यासाठी आधी एक आकडा ठरवावा लागतो: काहीच केलं नसतं तर पुढच्या दहा वर्षांत किती तेल आलं असतं? घडलंच नाही त्याचा हा अंदाज, आणि सगळा हिशेब त्याच्यावर. ऑइल क्रीकवर हे सोपं होतं. एक विहीर, एक लाकडी टाकी, स्फोटाच्या आधी टाकीत काठी बुडवायची आणि नंतर परत बुडवायची. मुंबई हायवर शेकडो विहिरी आहेत, आणि उरणला पाइपातून येतं ते सगळ्यांचं तेल एकत्र मिसळून.