मुठीतील बळ

इ. स. १८५८ च्या जून महिन्यात झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेर येथे धारातीर्थी पडली. सत्तावनच्या युद्धाच्या शताब्दीस, १९५७ साली, त्याच नगरीत तिच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. जिवाजीराव शिंदे यांच्या मातोश्री गजराराजे यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९४६ पासूनच चालू होते. जयारोग्य रुग्णालय हे त्याचे शिक्षणस्थान होय. एकीकडे बल कमावण्याची विद्या, दुसरीकडे व्याधी हटविण्याची. या दोन्ही विद्यांची गाठ पडते ती अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेपाशी.

दीर्घकाळच्या जंतुदोषात रुग्णाचे मांस झपाट्याने झडते, ही नोंद विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या वैद्यकग्रंथात आहे. परंतु त्या काळी असे रुग्ण बहुधा दगावतच. त्यांच्या दंडातील बळ मोजणार कोण? पुढे १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ उसळली. ब्यॉर्न इब्सेन यांच्या योजनेनुसार शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला आणि त्यातूनच अतिदक्षता विभागाचा पाया घातला गेला. प्राण वाचू लागले, तसे वाचलेल्यांचे एक नवे दुखणे दिसू लागले.

कॅनडातील लंडन या नगरात चार्ल्स बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मूळ आजार ओसरला होता. तरी यंत्र दूर करू जाता श्वास पुरेना. विद्युत्‌परीक्षेत मज्जातंतूंचा ऱ्हास आढळला. यंत्राचे साहाय्य हेच येथे पडद्यासारखे आड येते: श्वास नियमित चाललेला दिसतो आणि स्नायू थकल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा पडदा दूर करण्याचे साधन मात्र जुनेच निघाले. दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडात १९४३ साली शून्य ते ५ अशी बलश्रेणी छापली गेली. तिच्याच आधारे खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा व घोटा यांची दोन्ही बाजूंची परीक्षा करतात; पूर्ण गुण ६०, आणि ४८ पेक्षा कमी भरले की दौर्बल्य समजावे. मुठीची पकड पुरुषात ११ किलो व स्त्रीत ७ किलोहून कमी असल्यासही संशय घ्यावा. खर्च जवळजवळ नाहीच! अडचण एकच, आणि ती मोठी आहे: रुग्ण जागा हवा. डोळे उघड, जीभ दाखव, मान हलव, एवढे त्यास कळले पाहिजे. गुंगीच्या औषधाखाली आठवडा गेल्यावर केलेल्या परीक्षेस लवकरची कोण म्हणेल? कारण इंग्लंडातील २०१३ च्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांतच सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला ध्वनिलहरींच्या चित्रात दिसला. ही तपासणी झोपेतल्या रुग्णाचीही होते, हा तिचा मोठा गुण.

मात्र दौर्बल्य लवकर ओळखणे निराळे आणि रुग्णास घाईने व्यायामास जुंपणे निराळे. आजारातून उठलेल्या पठ्ठ्याला कोणताही जाणता वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर काढावयास लावीत नाही. सहा देशांतील ७५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, यंत्रावर असतानाच अधिक जोमाने हालचाल करविलेल्यांना नेहमीच्या उपचारांहून सरस फळ मिळाले नाही. अपाय मात्र अधिक आढळले.