अंतराळयुग आणि आमचे शिवार

१२ एप्रिल ही तारीख दोन कारणांसाठी लक्षात ठेवावी, असे आम्हांला वाटते. १९६१ साली या दिवशी युरी गागारिन हा २७ वर्षांचा रशियन वैमानिक पृथ्वीभोवती एक फेरी घालून १०८ मिनिटांत सुखरूप परत आला. आकाशाची वेस ओलांडणारा तो पहिला मनुष्य होय. या प्रवासात तो पृथ्वीपासून जास्तीत जास्त ३२७ किलोमीटर उंच गेला होता. त्यानंतर बरोबर ५५ वर्षांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे, मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातूरला येऊन पोचली. तिने सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापले होते आणि तिच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणे पावणेचार लाखांहून अधिक. हिशेब केला तर माणशी दीड लिटरही पाणी आले नाही.

दोन्ही प्रवास जवळजवळ सारख्याच लांबीचे. एक उभा, दुसरा आडवा. अंतराळयुगाचा इतिहास चाकुरात बसून सांगावयाचा तर या दोन प्रवासांचा एकमेकांशी संबंध काय, हे सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येणार नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकावयास मिळतात. एक उत्तर अभिमानाचे असते. चंद्रावर यान उतरले की पेढे वाटावेत आणि छाती फुगवावी, एवढ्यावर ते संपते. दुसरे उत्तर तक्रारीचे. गावात प्यावयास पाणी नाही, मग हे अग्निबाण कशाला, असे ते विचारते. पहिल्या उत्तराला शंका विचारलेली खपत नाही आणि दुसऱ्याला माहिती नकोशी असते. इतिहास या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तो मुळापासून पाहावा लागतो.

अग्निबाण ही वस्तू आपल्याला परकी नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत लढाईच्या सामानात ‘बाण’ येतात, ते धनुष्याचेच असतात असे नाही. दारू भरलेल्या नळीलाही बाणच म्हणत. हैदर आणि टिपू यांच्या म्हैसुरी फौजेने हे बाण लोखंडी नळीत भरले, आणि फरक तेथेच पडला. कागदाची किंवा बांबूची नळी आतला दाब सोसत नाही, लवकर फाटते. लोखंडी नळी दाब धरून ठेवते, म्हणून बाण लांब जातो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडात गेले आणि काँग्रीव्हने त्यांवरून आपले बाण तयार केले. तेव्हापासून आजतागायत या शास्त्राचे मुख्य प्रश्न दोनच राहिले आहेत: नळी मजबूत कशी करावी, आणि दारू चांगली कशी करावी. ही दोन सूत्रे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. पुढे ती पुन्हा भेटणार आहेत.

रशियातील कालुगा या गावच्या त्सिओल्कोव्हस्की नावाच्या शाळामास्तरांनी १९०३ साली अग्निबाणाचे गणित मांडले. १९२६ साली अमेरिकेत गॉडर्डने द्रव इंधनाचा पहिला बाण उडविला. ही दोघांची एकट्याची कामे होती. त्यांना सरकारी खजिना मिळाला तो युद्धामुळे. जर्मनीचा व्ही-२ हा बाण १९४४ साली लंडनवर पडू लागला. तो बनविण्याच्या कामी बंदिवान मजुरांना राबविण्यात आले आणि त्यांत हजारो माणसे मेली. युद्धानंतर ते शास्त्रज्ञ व ती यंत्रे विजेत्यांनी वाटून घेतली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक ज्या बाणाने वर नेला, तो मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनविलेला होता. गागारिनही त्याच घराण्यातील बाणावर बसून गेला. अमेरिकेने चुरशीने चंद्र गाठावयाचे ठरविले. त्या कामी सुमारे चार लाख माणसे गुंतली होती आणि ऐन भरात देशाच्या केंद्रीय खर्चातील शंभरांतील चार डॉलरांहून अधिक त्या खात्यावर पडत. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग व आल्ड्रिन चंद्रावर उतरले. १९७२ नंतर तेथे कोणीही पाऊल ठेवलेले नाही. शर्यत जिंकली आणि धावण्याचे कारण संपले.

हिंदुस्थानने या शर्यतीत नाव नोंदविले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. विक्रम साराभाई यांनी वेगळा प्रश्न विचारला. माणूस वर किती उंच जातो यापेक्षा, वरून खाली पाहिले तर देशाला काय उपयोग, असा तो प्रश्न होता. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे कोळ्यांच्या वस्तीत एक चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने ती जागा संशोधनासाठी मिळाली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला बाण उडाला. बाण अमेरिकेचा होता. आमची होती ती जागा, माणसे आणि सायकलीवरून सामान नेण्याची तयारी. या पहिल्या फळीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे १९९४ ते १९९९ या काळात ते थुंब्याच्या केंद्राचे संचालक झाले.

आता ती दोन सूत्रे. दारूचा प्रश्न ज्यांनी हाती घेतला त्यांत मराठी माणसाचे नाव ठळक आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म १९३३ सालचा, बालपण कोल्हापुरातले. बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आणि इंग्लंडात या क्षेत्रातील अनुभव गाठीस बांधून ते १९६७ साली थुंब्यास आले. घन इंधन म्हणजे एक प्रकारचा कणकेचा गोळाच. जळणारे द्रव्य, त्याला प्राणवायू पुरविणारा क्षार आणि दोहोंना धरून ठेवणारा रबरासारखा पदार्थ हे एकजीव मळावे लागतात. आत हवेचा एक बुडबुडा किंवा बारीकशी चीर राहिली तर तेथे आग जादा पसरते, दाब वाढतो आणि नळी फुटते. ही विद्या विकत मिळत नव्हती. ती येथेच उभी करावी लागली. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या बाणाने सुमारे ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते आणि केंद्राचे संचालक गोवारीकर. त्या बाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. आदल्या वर्षी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, हाच प्रयोग फसला होता, हेही सांगितले पाहिजे.

नळीचा प्रश्न सुटला तो कारखान्यांत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे मूळ उसाचे गाव. साखर कारखान्यांची यंत्रे बनविणाऱ्या तेथील कारागिरांनी अग्निबाणांची पोलादी कवचे बनविली. पीएसएलव्ही या बाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे असते आणि त्यात सुमारे १३८ टन इंधन भरतात. उसाचा रस काढणाऱ्या यंत्राचा रूळ ज्यांना अचूक घडविता येतो, त्यांच्या हाताला हे काम परके वाटले नसावे. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास नावाची द्रव इंधनाची इंजिने तयार होतात. पवईला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातही बाणांचे मोठे भाग बनतात. अंतराळउद्योग हा शब्द ऐकला की परदेशी धनाढ्य डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे तो जोडारी, कातारी आणि वेल्डर यांच्या हातून उभा राहिला. २०२० साली सरकारने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना अधिक मोकळे केले, आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट या कंपनीचा बाण श्रीहरिकोट्याहून उडाला. तो कक्षेपर्यंत जाण्यासाठी नव्हता, परंतु देशातील खाजगी बाणांत तो पहिला होता.

एवढे सारे वर गेले. खाली काय आले? १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर एका अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. त्यांत गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे होते. गुलबर्गा आमच्या सीमेला लागून, एकेकाळी आमच्याबरोबर निजामाच्या राज्यात होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारून तिकडच्या शेतकऱ्यांनी शेतीचे कार्यक्रम पाहिले. महाराष्ट्राचा त्या सहांत समावेश नव्हता. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले तेव्हा त्यांनी केलेल्या कामांत आपल्या भूमीची छायाचित्रे घेणे हे एक काम होते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा जमीन पाहणारा आपला उपग्रह बैकानूरहून वर गेला.

याचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे. आमच्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि सांध्यांत; भेग चुकली की बोअर कोरडी जाते. कित्येक कुटुंबांचे कर्ज याच चुकलेल्या भेगेत गाडले गेले आहे. उपग्रहाच्या चित्रांत अशा भेगांच्या रेषा दिसतात आणि त्यांवरून पाण्याच्या जागांचे नकाशे तयार झाले आहेत. नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्यापेक्षा हे साधन अधिक भरवशाचे आहे, अचूक मात्र नाही.

आणि पाऊस? नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी पंचांगे आम्ही पिढ्यान् पिढ्या वाचली. इंधनाचे शास्त्रज्ञ गोवारीकर दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाल्यावर याच प्रश्नाकडे वळले. १९८७ चा दुष्काळ ताजा होता. हिमालयावरील बर्फ, समुद्राचे तापमान, उंचावरील वारे अशा सोळा घटकांवरून देशाच्या पावसाचा अंदाज सांगण्याची पद्धत त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून अमलात आली. पुढील तेरा-चौदा वर्षे ती चांगली चालली. २००२ साली ती फसली. भाकीत सर्वसाधारण पावसाचे होते; प्रत्यक्षात देशभर सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के पाऊस कमी पडला. दुसऱ्या वर्षी हवामान खात्याने पद्धत बदलली. आम्ही या अपयशाला कमीपणा मानीत नाही. पंचांगाचे भाकीत चुकले तर वाहन बदलत नाही. शास्त्राचे चुकले तर शास्त्र बदलते. पण आणखी एक मर्यादा होती. ते भाकीत साऱ्या देशाच्या सरासरीचे होते. देशाची सरासरी भरली म्हणून चाकूरच्या शिवारावरची दुबार पेरणी टळत नाही.

मर्यादांची यादी प्रामाणिकपणे पुरी केली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा कोणत्याही उपग्रहाने आगाऊ सूचना दिली नव्हती; भूकंपाची वेळ आजही कोणाला सांगता येत नाही. २००९ साली चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचे जगाला कळले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आमचे यान मंगळाभोवती फिरू लागले. आणि २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. चंद्रावरचे पाणी सापडले आणि मांजरेचे आटले, असे कोणी म्हटले तर त्याला रागावण्याचे कारण नाही.

पण त्याने पुढचा प्रश्नही विचारावा. मांजरा धरण आटत होते, हे आकाशातून दिसत नव्हते काय? दिसत होते. धरणाचे आक्रसणारे पाणी, कोरडे पडलेले नाले, आणि त्याच खोऱ्यात हिरवागार उभा असलेला ऊस, यांतील प्रत्येक गोष्ट उपग्रहाच्या चित्रात टिपता येते. पिण्याचे पाणी आधी की ऊस आधी, याचा निर्णय मात्र कोणताही उपग्रह करीत नाही. तो चावडीवर, साखर कारखान्याच्या सभेत आणि मंत्रालयात होतो. साराभाईंच्या प्रश्नाचा अर्धा भाग शास्त्रज्ञांनी सोडविला. वरून पाहावे कसे, ते त्यांनी दाखविले. पाहिल्यावर वागावे कसे, हा उरलेला अर्धा भाग आमच्याकडे आहे, आणि तो आम्ही सोडविलेला नाही. तक्रार करावयाचीच असेल तर तिचा पत्ता श्रीहरिकोट्याचा नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. आमच्या शाळांतील मुले त्या बातम्या मोठ्या आनंदाने ऐकतात, आणि त्यांनी तो आनंद जरूर घ्यावा. त्या मुलांना आम्ही एवढेच सुचवू, की एकदा आपल्या गावाचे उपग्रहावरून घेतलेले चित्र पाहावे. आता ते कोणालाही पाहता येते. त्यात आपला ओढा, पाझर तलाव, विहिरी, ऊस आणि पडीक रान ओळखावे, मार्चचे चित्र मेच्या चित्राशेजारी ठेवावे, आणि ती दोन्ही चित्रे घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. मिरजेची आगगाडी पुन्हा बोलवावी लागू नये, यासाठी अंतराळयुगाने आमच्या हाती ठेवलेले साधन ते आहे.