पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? परवानाधारकांपुढील पर्याय
कोल्हापूर : शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेत स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्यास सर्वसाधारण परवान्यावर ९ मिमी पिस्तूल मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे निवड प्रामुख्याने ०.३२ बोअरमधून करावी लागते.

‘अशनी’ हे अर्धस्वयंचलित पिस्तूल चपटे असल्याने कमरेला सहज बसते. मात्र काडतूस न उडाल्यास स्लाइड ओढून ते काढावे लागते आणि संकटसमयी तेच क्षण मोलाचे ठरतात. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे व सहा गोळ्यांचे आहे. परंतु त्याचे चक्र जाड असते.

परवाना जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तो पाच वर्षांचा असतो.