नोकरी सांभाळून व्यवसाय : नियम, हिशेब आणि हंगाम

यवतमाळ जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांभोवती फिरते. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा, महसूल कार्यालये, बँका, एस. टी. आगारे, वणी परिसरातील कोळसा खाणी आणि लोहारा औद्योगिक वसाहतीतील कारखाने ही नोकरीची प्रमुख ठिकाणे होत. अनेक घरांत एक भाऊ शेतीत आणि दुसरा नोकरीत अशी विभागणी आढळते. पाऊस हुकला किंवा भाव पडला, तर दोन्ही चुली चालतात त्या नोकरदाराच्या पगारावर. त्यामुळे नोकरी सांभाळून छोटा व्यवसाय सुरू करण्याचा विचार येथे केवळ वरकमाईचा राहत नाही. तो जमला तर कुटुंबाला आणखी एक आधार मिळतो. फसला तर होता तो आधारही डळमळतो.

किर्लोस्करांचा वस्तुपाठ

मराठी उद्योगविश्वातील एका मोठ्या नावाची सुरुवात नोकरीत असतानाच झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी चालू असतानाच ते मुंबईतून सायकली खरेदी करून बेळगावला धाडत आणि तेथे त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्यांची विक्री करीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मानला जातो. पुढे संस्थेत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला गेले. तोपर्यंत दुकान उभे होते आणि ते सांभाळणारा घरचा माणूसही होता.

पुढील अनुभव तितकाच बोलका आहे. लोखंडी नांगर बनविल्यानंतर पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. उत्तम मालालाही गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागतो आणि तो वेळ निभावून नेईल असे दुसरे उत्पन्न हाताशी असावे लागते. गुजरातमध्ये करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये निरमा धुण्याची पावडर घरी तयार करून सायकलवरून विकण्यास सुरुवात केली, तेव्हा तेही राज्य शासनाच्या सेवेत होते.

प्रथम नियम पाहावेत

महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्याला हा मार्ग सरसकट मोकळा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय काम आणि सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम यांना काही अटींवर सूट आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांचे सेवानियमही स्वतंत्र असतात.

‘पत्नीच्या नावावर दुकान’ हा सर्रास सुचविला जाणारा उपाय होय. कुटुंबातील व्यक्तीने व्यवसाय करण्यास बंदी नाही; मात्र तसा व्यवसाय असल्यास त्याची माहिती शासनाला कळवावी लागते. पत्नीच्या वा अन्य कुटुंबीयाच्या मालकीच्या विमा अथवा दलाली एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने स्वतः ग्राहक मिळवीत फिरणे हा नियमभंग ठरतो. निर्णय, बँक खाते आणि व्यवहार खरोखर पत्नीच्या हाती असतील, तर तो तिचा व्यवसाय. पाटी तिची आणि कारभार पतीचा असेल, तर एखादी तक्रारही विभागीय चौकशीस पुरेशी ठरू शकते.

खासगी नोकरीत नियुक्तिपत्र हाच पहिला दस्तऐवज. ‘पूर्णवेळ सेवा’ वा ‘अन्य व्यवसाय करणार नाही’ अशी अट त्यात असल्यास लेखी परवानगी मागावी. मालकाशी स्पर्धा करणारा धंदा, मालकाच्या ग्राहकयादीचा उपयोग आणि कार्यालयीन वेळेत खासगी काम या तीन गोष्टी परवानगी असली तरी टाळाव्यात.

जिल्ह्याचा हंगाम आणि धंद्याची निवड

यवतमाळच्या बाजारातील पैशाला हंगाम आहे. सोयाबीन आणि कापूस घरात येऊ लागला की दिवाळीच्या आगेमागे खरेदी वाढते; जूनमध्ये पेरणी लागली की पैसा बियाणे-खतांत जातो आणि गावोगावची दुकाने उधारीवर चालतात. म्हणून नोव्हेंबरमधील विक्रीवरून वर्षाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. निदान एक पावसाळा पाहिल्याशिवाय व्यवसायाचे खरे रूप कळत नाही.

नोकरदाराकडे भांडवलापेक्षा वेळेची टंचाई अधिक असते. दिवसभर दुकान उघडे ठेवावे लागणारा धंदा त्याला घरातील दुसऱ्या माणसाशिवाय पेलत नाही. शेवया, कुरडया, पापड, तिखट-मसाले, शिवणकाम, हिशेबलेखन, ऑर्डरप्रमाणे छपाई यांसारखी ठरावीक मागणीवर होणारी कामे त्या मानाने सोयीची ठरतात.

तुरीच्या या पट्ट्यात छोटी डाळ गिरणीही विचारात घेण्याजोगी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ विदर्भात परिचित आहे. शेतकऱ्यांची तूर घेऊन मजुरीवर डाळ करून दिली, तर कच्च्या मालात भांडवल अडकत नाही. मात्र तुरीला तेल-पाणी लावणे, ती वाळविणे आणि मग भरडणे यांत दिवस जातात. रात्रीच्या दोन तासांत उरकणारे हे काम नव्हे.

कागदावरचा हिशेब

समजा, गिरणीच्या कर्जाचा मासिक हप्ता ८,००० रुपये आहे आणि मजूर व वीज यांचा खर्च जाता क्विंटलमागे २०० रुपये उरतात. वर्षाचे हप्ते ९६,००० रुपये, म्हणजे केवळ हप्ते फेडण्यासाठी ४८० क्विंटल डाळ व्हावी लागेल. गिरणीचा मुख्य हंगाम पाच महिन्यांचा धरला, तर महिन्याला ९६ क्विंटल. फक्त रविवारी काम करावयाचे झाल्यास महिन्याच्या चार रविवारी प्रत्येकी २४ क्विंटल. छोट्या गिरणीला एका दिवसात हे झेपणे अवघड. म्हणजेच विश्वासू कारागीर ठेवणे, कर्ज कमी करणे किंवा हा धंदा न करणे हेच पर्याय उरतात. आकडे गृहीत असले तरी पद्धत कोणत्याही धंद्याला लागू पडते : आधी हप्ता, मग हंगाम आणि शेवटी हाती असलेले तास.

नोंदणी आणि कर

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि निःशुल्क होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. खाद्यपदार्थ घरी बनवून विकले तरी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते आणि उलाढाल वाढल्यावर परवाना घ्यावा लागतो. घरगुती वीजजोडणीवर यंत्र बसविण्यापूर्वी महावितरणकडे विचारणा करावी.

राज्यांतर्गत मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत आणि सेवांची २० लाखांपर्यंत असल्यास सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परंतु माल परराज्यात विकावयाचा असेल, तर सहसा ही सूट मिळत नाही. पांढरकवडा, झरी जामणी या भागांतून तेलंगणातील आदिलाबादची बाजारपेठ जवळ पडते. तेथे माल पाठविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्यवसायाचा नफा पगारात मिळवून आयकर भरावा लागतो. छोट्या व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे : उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँक वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरता येतो. विमा वा दलालीच्या कमिशनला मात्र ही सोय लागू नाही. धंद्यात तोटा आल्यास तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे अनेकांना विवरणपत्र भरतानाच कळते.

कर्ज कोणत्या खात्यावर?

नोकरदाराला सर्वांत सहज मिळते ते पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज. त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. धंदा चालो वा न चालो, कपात थांबत नाही. कर्ज थकले तर जामीनदार सहकाऱ्याच्या पगारावरही गदा येते. त्यापेक्षा व्यवसायाच्या नावाने, प्रकल्प अहवालाच्या आधारे कर्ज घेणे श्रेयस्कर. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख आणि ‘तरुण’मध्ये १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अनुदानाच्या योजनांचे निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चालू निकष तपासावेत. सरकारी कर्मचारी आपल्या पात्रतेविषयी तेथे आधीच विचारणा करू शकतात. केवळ अनुदानासाठी प्रकल्प मोठा करणे हा नुकसानीचा हमखास मार्ग होय.

राजीनामा केव्हा?

व्यवसायाने बारा महिने, म्हणजे दिवाळी आणि पावसाळा दोन्ही पाहून, हप्ते व घरखर्च स्वतःच्या बळावर भागविला असेल, तरच राजीनाम्याचा विचार करावा. उपदानासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. काही महिने उरले असताना केलेली घाई महागात पडते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास सामान्यतः मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. वीस वर्षे पूर्ण झालेल्यांना स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग असतो. दोन्हींतील फरक उर्वरित आयुष्याच्या उत्पन्नाचा असतो.

धंद्याचे खाते पहिल्या दिवसापासून पगाराच्या खात्याहून वेगळे ठेवावे. तोट्याची मर्यादा आरंभीच ठरवून ती घरच्या मंडळींना सांगावी आणि ती ओलांडली गेल्यास धंदा आवरता घ्यावा. शेतीचा एक हंगाम बुडाला तर पुढच्या मृगाची वाट पाहता येते. नियमभंगाने किंवा कर्जाने नोकरी गेली, तर तिचा हंगाम पुन्हा येत नाही.